नऊ महिने आणि 1800 राउंडनंतर: जुनं स्टीलचं पिस्तूल सांभाळायचा अनुभव

नवीन घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहून बसलो असतो, म्हणून मुद्दाम थांबलो. आता नऊ महिने झालेत, वहीतल्या हिशोबाने 1800 च्या आसपास राउंड (म्हणजे झाडलेल्या गोळ्या) झालेत, तीन स्प्रिंगा बदलून झाल्या, एक ओरखडा पाडून झाला आणि एकदा गंजाने पण गाठलं. आता लिहायला हरकत नाही.

पिस्तूल म्हणजे 1911 पॅटर्नचं, 1911ए1 म्हणतात त्या ठेवणीचं, .45 कॅलिबर, पाच इंची बॅरल, सात राउंडचं मॅगझिन, वापरलेलं आणि जवळपास पन्नास वर्षं जुनं. फ्रेम (खालचा सांगाडा) स्टील, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) स्टील, अक्रोडाच्या लाकडाच्या ग्रिपा, वरून काळंनिळं ब्लूइंग, ते पण कडांवर उडून आतलं पांढरं लोखंड दिसायला लागलेलं. आधी सहा वर्षं पॉलिमर फ्रेमचं 9 एमएम वापरत होतो आणि खरं सांगायचं तर त्याने मला एकदाही त्रास दिला नाही, वर्षात दोनचार वेळा पुसायचं, तेलाचे चार थेंब टाकायचे, संपलं. मग हे कशाला घेतलं? तर दिसायला आवडलं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच तत्त्वज्ञान सांगत नाही. पण ठेवून का घेतलं याचं कारण वेगळं आहे आणि ते मला चौथ्या महिन्यात कळलं, त्यावर येतोच.

आधी हातात कसं वाटतं ते. रिकामं असताना वजन साधारण 1.1 किलो. नेहमीचं पॉलिमरचं फुल साइज पिस्तूल सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पहिल्या दिवशी पन्नास राउंडनंतर मनगट बोलायला लागलं. पण हेच वजन झटका खातं. 230 ग्रेनची म्हणजे जवळपास 15 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 250 मीटरच्या आसपास, ऐकायला राक्षसी वाटतं पण प्रत्यक्षात हाताला चापट बसल्यासारखं होत नाही, कुणीतरी तळहाताने मागे ढकलल्यासारखं होतं. माझ्या जुन्या हलक्या 9 एमएमचा झटका लहान असून जास्त टोचायचा. आणि ट्रिगर! हा ट्रिगर बिजागरीवर फिरत नाही, सरळ मागे सरकतो. थोडीशी ढिलाई, मग भिंत, मग काचेची काडी मोडावी तसा सुटतो. माझे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचे गोळ्यांचे पुंजके, पहिल्याच महिन्यात आवळले आणि त्यात माझी कर्तबगारी फार नाही, ट्रिगरचीच आहे.

डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, अमेरिकन सैन्याने मार्च 1911 मध्ये घेतलं आणि 1985 मध्ये 9 एमएमची बेरेटा येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल होतं. निवडीआधीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून 6000 राउंड मारले होते, तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. अंगठ्याचं सेफ्टी घोडदळाच्या मागणीवरून आलं, कारण एका हातात लगाम आणि घोडा बिथरला तर दुसऱ्या एकाच हाताने पिस्तूल सुरक्षित करता आलं पाहिजे. आपल्या भाषेत तर मजाच आहे, पिस्तुलाचा पण घोडा, खालचा पण घोडा, आणि दोन्ही आवरायचे एकाच माणसाने.

आता सांभाळायचं. पहिल्यांदा खोलताना माझी फजिती झाली. बॅरलच्या खाली जी रिकॉइल स्प्रिंग असते तिच्या तोंडाला एक छोटी टोपी असते, ती अंगठ्याने आत दाबून धरायची आणि मग बुशिंग (बॅरलचं तोंड धरून ठेवणारं कडं) फिरवायचं. मी बुशिंग फिरवलं आणि अंगठा सुटला, टोपी सुटली ती भिंतीवर आपटून कपाटाखाली. अर्धा तास टॉर्च घेऊन पालथा पडलो होतो. नशीब कपाळावर नाही बसली. तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय खोलत नाही, तुम्ही पण घाला, आणि पिस्तुलाचं तोंड भिंतीकडेच ठेवा.

जोडताना दुसरी फजिती. स्लाइड स्टॉपची (स्लाइड मागे अडवून धरणाऱ्या खटक्याची) पिन बॅरलखालच्या कडीतून आरपार जावी लागते, ती कडी हलते, त्यामुळे ती सरळ उभी नसेल तर पिन अडते आणि मग माणूस जोर लावतो. मी लावला. फ्रेमच्या डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखा बारीक ओरखडा पडला, आणि नंतर कळलं की या ओरखड्याला जगभर मूर्खाची निशाणी म्हणतात, म्हणजे मी काही पहिला नाही. दोन दिवस वाईट वाटलं. आता उलट एखाद्याचं जुनं 1911 हातात आलं की आधी तिथेच बघतो.

गंजाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण पॉलिमरवाल्यांना हे माहीतच नसतं (मला पण नव्हतं). ब्लूइंग म्हणजे रंग नव्हे. लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी हिशोबात ठेवलेला गंजच, तो मुद्दाम चढवतात, आणि त्याचं एकट्याचं संरक्षण अगदीच जेमतेम, खरं काम त्यात धरून राहिलेलं तेल करतं. मी एकदा पावसाळी हवेत रेंजवरून आलो, दमलेलो, वरवर फडकं मारून ठेवून दिलं. चार दिवसांनी उघडलं तर स्लाइडवर माझ्या बोटाचा ठसा, चक्क रेघांसकट, तपकिरी रंगात उमटलेला! घामातलं मीठ. बारीक स्टील वूल आणि तेल घेऊन हलक्या हाताने घासलं, गंज निघाला पण उजेडात तिरकं धरलं की फिकट डाग अजून दिसतो. ज्यांच्या हाताला जास्त घाम येतो त्यांनी ब्लूइंगपेक्षा स्टेनलेस बघावं किंवा पार्करायझिंगवालं, त्याचा फॉस्फेटचा थर खडबडीत असतो आणि तेल शोषून धरतो. दिसायला राखाडी आणि रुक्ष, पण कामाचा. आणि एक, चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल घालून कपाटात कधीच ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यात कमावतानाची रसायनं असतात, बाहेरून झकास दिसतं आणि आत स्टील खात बसतं.

मित्राकडे टीटी-33 टोकारेव्ह हे जुनं रशियन पिस्तूल आहे, त्याचा अनुभव अजून वाईट. त्याने जुनी सैन्याच्या साठ्यातली काडतुसं मारली आणि नेहमीसारखं तेलाने साफ करून ठेवलं. त्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं, जळाल्यावर त्याचं मीठ बॅरलमध्ये राहतं आणि ते मीठ हवेतली ओल ओढतं. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं, म्हणून अशी काडतुसं मारली की आधी गरम पाण्याने बॅरल धुवायची, नीट कोरडी करायची आणि मग तेल. पठ्ठ्याने तेलावर तेल चढवलं आणि खाली मीठ आपलं काम करत राहिलं. आता त्या बॅरलमधून बघितलं तर आत देवीचे वण पडल्यासारखं दिसतं.

बरं आता ती चौथ्या महिन्याची गोष्ट. सातशेच्या आसपास राउंड झाले असतील आणि पिस्तूल अडायला लागलं. कधी गोळीचं नाक खाली घुसून बसायचं, कधी रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये उभी अडकायची, चिमणीसारखी. मी आधी काडतुसांना शिव्या दिल्या. ब्रँड बदलला, फरक शून्य. मग विकायचा विचार केला, खरंच केला, म्हटलं म्हाताऱ्याचं वय झालं.

रेंजवर एक वयस्कर काका येतात, सगळं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलेले. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे, अडतंय म्हणजे काय? कसं अडतंय ते लिहून ठेव. दोन वेगळे रोग एकाच नावाने घेऊन आलायस तू." मॅगझिनवर पेंटने 1, 2, 3 आकडे टाकायला सांगितले. दोन फेऱ्यांत कळलं की नाक खाली घुसायचा प्रकार फक्त 2 नंबरमध्ये होतोय. त्याची स्प्रिंग बाहेर काढून 1 नंबरच्या शेजारी ठेवली तर बोटभर आखूड. नवीन स्प्रिंग टाकली, पहिला रोग गेला.

पुंगळीचा प्रकार मात्र तिन्ही मॅगझिनमध्ये चालूच. रिकॉइल स्प्रिंग पण मोजली, ती पण थकलेली निघाली, 16 पाउंडची नवीन टाकली, तरी पुंगळ्या कधी उजवीकडे, कधी माझ्या टोपीवर. मग काकांनी स्लाइड सुटी करायला लावली, बॅरल बाजूला, आणि म्हणाले, "डमी काडतूस घे, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली सरकव आणि हलकं हलव." (एक्स्ट्रॅक्टर म्हणजे रिकामी पुंगळी मागे ओढून काढणारा भाग.) काडतूस लगेच टपकन खाली. "धरतच नाही तर फेकणार काय?"

म्हणजे असं बघा, 1911 मध्ये एक्स्ट्रॅक्टरला वेगळी स्प्रिंग नाही. तो स्वतःच स्प्रिंग स्टीलचा एक लांब दांडा, स्लाइडच्या आत बसलेला, त्याला किंचित बाक दिलेला असतो आणि त्या बाकाच्या ताणावर पुढचं नख पुंगळीची कड पकडतं. बाक गेला की पकड गेली. आणि बाक कसा जातो? चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) हाताने एक राउंड टाकून वरून स्लाइड सोडली की त्या नखाला कडेवरून उडी मारून पकडावं लागतं, त्यासाठी ते बनलेलंच नाही, मॅगझिनमधून राउंड वर येताना कड खालून अलगद नखात सरकावी अशी ती रचना आहे. आधीच्या मालकाला ती सवय असावी. मला पण होती, पॉलिमरवर बिनधास्त करायचो.

दांडा बाहेर काढायला हत्यार पण लागत नाही, मागची फायरिंग पिनची पट्टी खाली सरकवली की पिन आणि एक्स्ट्रॅक्टर दोन्ही सुटतात (पिनवर बोट ठेवा, ती पण उडते). काकांसमोर मी त्याला केसभर वाकवला, बसवला, डमी लावून बघितलं, पडलं. पुन्हा वाकवला, आता एवढं घट्ट की काडतूस आत जाईना. पुन्हा उलटा. पाच-सहा वेळा केल्यावर डमी नखात लटकून राहिलं आणि जोरात हलवल्यावरच सुटलं. एवढंच पाहिजे होतं. त्यानंतरच्या हजारएक राउंडमध्ये पुंगळी एकदाही अडकलेली नाही, उजवीकडे मागे, दोन मीटरवर, नेमाने.

विकायचा विचार त्या दिवशी संपला. या यंत्रात आजार लपत नाही हो. प्रत्येक तक्रारीच्या मागे एक तुकडा आहे, तो बोटांनी काढता येतो, डोळ्यांनी बघता येतो, शेजारी नवीन ठेवून तुलना करता येते. माझं पॉलिमरचं पिस्तूल कधी बिघडलंच नाही म्हणून मी ते कधी ओळखलंच नाही. आता कोणी म्हणेल बिघडत नाही ते चांगलं की बिघडतं ते, तर वाद घालणार नाही, ते बरोबरच म्हणतायत.

तोटे पण सांगतो. सात राउंड म्हणजे सात, रेंजवर सारखं मॅगझिन भरण्यात वेळ जातो. वजनामुळे दिवसभर बाळगायला त्रास. मूळचे साइट बारीक, कमी उजेडात दिसत नाहीत, आणि चाळिशीनंतर तर देवाचं नाव घ्यायचं. माझ्या पिस्तुलात फायरिंग पिन अडवणारा ब्लॉक नाही, तो कोल्टच्या 1983 च्या सिरीज 80 पासून आला, म्हणून पडू द्यायचं नाही आणि फायरिंग पिनची स्प्रिंग ताजी ठेवायची, मी आल्या आल्या बदलली. पार्ट कधीकधी विकत आणून तसेच बसत नाहीत, कानसेने जुळवावे लागतात. थंब सेफ्टी, सिअर (हॅमर अडवून धरणारा तुकडा), हॅमर या तीन गोष्टींना मी हात लावत नाही, ते गनस्मिथचं काम, तिथे चुकलं तर पिस्तूल आपणहून सुटू शकतं. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका, त्या सिअरच्या धारेवर परिणाम होतो. बाकी चेंबर दोनदा तपासणं, तिजोरीत कुलूप, साफ केल्यावर हात धुणं (शिसं असतं), हे सगळ्यांना माहीतच आहे.

मधल्या काळात दुसरी दोन पण चालवून बघितली. ब्राउनिंग हाय-पॉवर, ब्राउनिंग 1926 ला गेला आणि ड्यूडोने सेव्हने ती पूर्ण केली, 1935 ची, 13 राउंड, हातात इतकी सुंदर बसते की परत द्यावीशी वाटेना, पण तिचा हॅमर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी चावतो, माझं रक्त निघालं. आणि मॅगझिन काढलं की ट्रिगर चालू नये म्हणून जी तरतूद आहे तिच्यामुळे ट्रिगर घासल्यासारखा वाटतो. सीझेड 75 मध्ये स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, नेम मस्त, पण ओढायला स्लाइडची उंची कमी मिळते आणि घामट हातातून निसटते. पहिल्यांदाच स्टीलचं घेणाऱ्याला मी तरी सीझेडच सांगेन, माझं नाही. माझं त्याच माणसाने घ्यावं ज्याला रविवारी दुपारी टेबलावर फडकं पसरून बसायला आवडतं.

सध्याची स्थिती: उजव्या ग्रिपचा खालचा स्क्रू दर दोनशे राउंडला सैल होतोय, लाकूड आकसलंय की बुशिंगचा आटा गेलाय ते अजून कळलेलं नाही. काकांना विचारलं तर म्हणाले आधी दोन्ही बाजूंचे स्क्रू अदलाबदल करून बघ. करून बघितले. आता डावीकडचा सैल होतोय.