जुनी हेलिओस: डीएसएलआरवर की मिररलेसवर?

काकांच्या पेटीत हेलिओस 44-2 ही जुनी सोव्हिएत लेन्स सापडली, 58 मिमी फोकल लांबीची. पोळ्याला यवतमाळकडच्या गावी दोन्ही कॅमेऱ्यांवर लावून पाहिली: आत आरसा असलेल्या डीएसएलआरवर आणि बिनआरशाच्या मिररलेसवर. निकॉन डीएसएलआरवर मेळ बसेना. माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते तिथपासून, सेन्सर 46.5 मिमीवर, लेन्सला हवं 45.46. म्हणून लांबचा फोकस लागत नाही. बिनकाचेच्या अडॅप्टरने (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) तोरणाखालचा बैल झकास येतो, मागची पऱ्हाटी मात्र धुरकटच. काचेचा अडॅप्टर हे सांभाळतो, पण तीक्ष्णता खातो. मग जुनी लेन्स कशाला?

सोनी मिररलेसमध्ये हेच अंतर 18 मिमी. उरलेली जागा अडॅप्टर भरतो, लांबची टेकडीही फोकसमध्ये. पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) लावलं की झुलीची कड रंगीत चमकते. बैलानं मान झटकली तर मात्र पुन्हा रिंग फिरवा. बॅटरी लवकर उतरते, आणि आमच्याकडे भारनियमन! तरी मी मिररलेसच घेईन.