रात्रीच्या ओलितावर स्टीम डेक : आठ महिन्यांनंतर

स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर, घरी आला तेव्हा पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू होती. आता सोयाबीनमध्ये डवरे फिरताहेत. एवढ्या दिवसांत हिवाळ्याची रात्रपाळी, मे महिना आणि मृगाचा पाऊस असे तिन्ही ऋतू त्यानं काढले, म्हणून आत्ता लिहितोय. आठ-दहा दिवस वापरून लिहिलेले रिव्ह्यू मीही घ्यायच्या आधी वाचले होते. त्यातल्या एकातही माझ्या कामाचं काही सापडलं नव्हतं.

माझ्याबद्दल थोडक्यात : हिंगणघाटपासून बसनं पाऊण तासावरचं गाव. घरची शेती, आणि दर शनिवारी रात्री गेमिंगवर मराठी पॉडकास्ट. आठवडाभर खेळायचं, कामं करता करता त्यावर विचार करायचा आणि शनिवारी बोलायचं, असा क्रम आहे. आधी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खेळायचो. लाईट गेली की संपलं.

घेतलंय ते ओलेड पडद्याचं मॉडेल, ५१२ जीबीचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं हे दुसरं रूप. पडदा ७.४ इंची, वजन ६४० ग्रॅम, बॅटरी ५० वॉट-अवरची. पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० ची होती. भारतात हे अधिकृतपणे विकत नाहीत, त्यामुळे बाहेरून मागवून देणाऱ्याकडून घ्यावं लागलं. बिल देतो म्हणाला होता, दिलं नाही. वॉरंटीचा विषय काढला की फोन ठेवतो. घेणाऱ्यानं बिल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नयेत, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

आता मूळ गोष्ट. आमच्या फिडरवर मोटारीला लागणारी थ्री फेज वीज तीन दिवस दिवसा असते आणि चार दिवस रात्री. गहू-हरभऱ्याचं ओलित म्हणजे चार रात्री वावरात. डिसेंबरात थंडी अशी की बोटं वळत नाहीत. विहिरीजवळच्या खोपडीत बसायचं, दीड-दोन तासांनी उठून पाट फोडायचा, बाकी वेळ मोटारीच्या आवाजावर कान ठेवायचा. डेकचा पंखा गरम हवा वरच्या कडेनं बाहेर फेकतो. मी दोन्ही हातांची बोटं आळीपाळीनं तिथं धरायचो. पडद्याचा उजेड अगदी कमी करून ठेवला तरी काळा रंग खरोखर काळाच दिसतो, त्यामुळे मान वर केल्यावर अंधारात धुऱ्यावरचं दिसायला वेळ लागत नाही. रानडुकरं आणि रोही येतात, त्यामुळे हे महत्त्वाचं. इअरफोन एकाच कानात.

जानेवारीत एल्डन रिंग खेळत होतो. हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला आणि त्याच दिवशी पहिल्या डेकची विक्रीही सुरू झाली. या गेममध्ये पॉजचं बटण नाही. सुरुवातीच्याच भागात मार्गिट नावाचा राक्षस आहे, त्याच्याशी माझी अकरावी-बारावी झटापट चालली होती. तो सोनेरी हातोडा उगारून हवेत उडाला आणि तेवढ्यात मोटारीचा आवाज बंद पडला. वरचं पॉवरचं बटण एकदा दाबलं. पडदा काळा. टॉर्च घेऊन विहिरीवर गेलो, फेज तपासला, दहा मिनिटं थांबून स्टार्टर दाबला, मोटार पाणी उचलेपर्यंत उभा राहिलो, येताना एक बारं फोडून आलो. चाळीस मिनिटं तरी गेली असतील. परत बटण दाबलं तर मार्गिट तसाच हवेत, हातोडा उगारलेला. मी डावीकडं लोळण घेतली आणि वाचलो.

माझ्यासाठी या यंत्राची सगळी किंमत त्या बटणात वसूल झाली. झोपवलं तेव्हा गेम जिथं होता तिथंच तो उठतो. एल्डन रिंग मात्र ऑफलाईन ठेवावा लागतो, नाहीतर सर्व्हरचा संबंध तुटतो आणि गेम मुख्य पानावर नेऊन सोडतो. त्या आठवड्याचा पूर्ण एपिसोड मी पॉजवर केला. पॉज न देण्यानं गेममध्ये भीती टिकते, हा मुद्दा मला मान्य आहे, मी स्वतः ती अनुभवली आहे. पण घरात लहान लेकरू असेल, कोणी आजारी असेल, पाणी सुटलं असेल, त्याला उठावंच लागतं. त्याच्या हातून भीती हिरावली जात नाही, खेळच हिरावला जातो. गेम निवडताना मी आता आधी हेच बघतो की मध्येच उठायला लावलं तर तो सांभाळून घेतो का.

बॅटरीचं सांगतो. एल्डन रिंगसारखा जड गेम असेल तर अडीच ते तीन तास. स्टारड्यू व्हॅली किंवा बलात्रोसारख्या हलक्या गेमवर सात-आठ तास सहज निघतात, पण त्यासाठी तीन टिंबांचं बटण दाबून चिप किती वीज खाईल त्याची वॉटमधली मर्यादा खाली आणावी लागते. सोबतचा चार्जर ४५ वॉटचा आहे. पॉवर बँक घेताना पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगची पद्धत) आणि ४५ वॉट हे दोन्ही बघूनच घ्या. आधीची माझी साधी होती, तिला लावलं की चार्जर संथ आहे अशी सूचना यायची आणि खेळताना टक्के खालीच जायचे. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ७४ वॉट-अवर असतात. वाया जाणारं धरून डेक एकदा पूर्ण भरतो, वर थोडं उरतं. रात्रपाळीला तेवढं पुरतं. घरी चार्जरला लावून ठेवायची सवय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय २०२५ मधल्या ३.७ अपडेटमध्ये आली आहे, ती चालू करा.

इंटरनेट हा आमच्याकडचा खरा अडथळा. रोजच्या दोन जीबी डेटात बलात्रोसारखा दीडशे एमबीचा गेम चहा होईस्तोवर उतरतो. बाल्डर्स गेट ३ ला दीडशे जीबी लागतात. तो नागपूरला मित्राच्या घरून आणला. त्याच्या कॉम्प्युटरवर आधीच होता, त्यामुळे दोन्ही यंत्रं एकाच वायफायवर ठेवून स्टीमच्या (डेकवरचे गेम जिथून घेतो ते ऑनलाईन दुकान) लोकल ट्रान्सफरनं सरळ डेकमध्ये ओढला. नवीन गेम गावी न्यायच्या आधी नेट असतानाच एकदा उघडून बघा, नाहीतर वावरात गेल्यावर तो सुरूच होत नाही. आणि मेमरी कार्ड बाजारातल्या टोपलीतून उचलू नका. माझं ५१२ चं म्हणून घेतलेलं कार्ड ६० जीबीच्या पुढं गेलं की फायली खराब करायचं. दोन आठवड्यांची मेहनत त्यात गेली.

स्टारड्यूमुळे घरात जे घडलं ते मला आठ महिन्यांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. एरिक बॅरोन यानं एकट्यानं चार वर्षांहून जास्त खपून केलेला हा शेतीचा गेम, २०१६ मध्ये आला. मी ओसरीत बसून खेळत होतो, बाबा मागं येऊन उभे राहिले. पार्सनिप नावाचं कंद असतं त्यात. बियाणं २० ला, चार दिवसांत तयार, विकायचं ३५ ला. बाबांनी विचारलं, "दर साली पस्तीसच?"

"हाओ."

"अन् सगळ्यायनं एकदम आणला तं?"

"तरी पस्तीसच."

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मंग हे वावर नाही, नोकरी होय."

त्या सालचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता आणि आमचं त्याच्या बरंच खाली गेलं होतं. स्टारड्यूमध्ये मन का निवतं याचं उत्तर मी दोन वर्षं पॉडकास्टवर शोधत होतो, संगीत, रंग, संथपणा असं काय काय बोललो होतो. बाबांनी ते एका वाक्यात सांगितलं. तिथं कष्टाला ठरलेला दाम आहे. पाऊस पडला तर त्या दिवशी पाणी द्यायचं काम वाचतं, आणि पीक त्यानं कधी सडत नाही. तो एपिसोड माझा आजवरचा सर्वांत लांब झाला, आणि बाबांचं वाक्य त्यांना विचारूनच त्यात घेतलं. आता संध्याकाळी तेच विचारतात, "आज पानी देल्लं का?" आणि ते कुठल्या वावराबद्दल विचारताहेत हे मला आवाजावरून कळतं.

मे महिन्यात मात्र जपावं लागलं. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट होती तेव्हा डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनंच सांगितलं होतं की हे यंत्र ० ते ३५ अंशांत सगळ्यात नीट चालतं, आतली चिप १०० अंशांवर वेग कमी करते आणि १०५ ला बंद पडते. आमच्याकडं दुपारी सावलीत ४४. मी पहाटे पाच ते आठ खेळायचो, दुपारी डेक पिशवीतच. कुलरच्या समोर धरू नका, ओल आत जाते. हवा मागून आत जाते, म्हणून गादीवर किंवा मांडीवरच्या गोधडीवर ठेवलं की लगेच तापतं. पावसाळ्यात वेगळाच त्रास. दिवे लागणीनंतर पडद्यावर पाखरं झेपावतात आणि जाळीत शिरायला बघतात.

जाळीचं अजून एक. आमच्या मागच्या खोलीत डिसेंबर ते मार्च कापूस भरून ठेवला होता, भावाची वाट बघत. रेकॉर्डिंग मी तिथंच करायचो. छातीएवढ्या कापसात आवाज असा बसतो की घुमारा नावालाही राहत नाही. अंगाला खाज सुटते, पण तसा आवाज मला पैसे टाकूनही मिळाला नसता. डेकही तिथंच पडलेला असायचा आणि मागच्या जाळीवर कापसाची तंतुमय चादर धरायची. पंखा शिट्टी वाजवायला लागला तेव्हा लक्षात आलं. रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन, यंत्र बंद करून, दर रविवारी जाळी झाडतो. पाठ उघडायची गरज अजून पडलेली नाही.

मार्चच्या शेवटी कापूस गेला आणि त्याच शनिवारी तीन ऐकणाऱ्यांनी विचारलं, भाऊ, खोली बदलली का? आता दोरीवर गोधड्या टांगून बोलतो. नवा कापूस दिवाळीच्या आगेमागे घरात येईल, तोवर असंच.