शिडाच्या बोटीवरची चिलटं, झुरळं आणि जळमटं: अख्खा सीझन वापरून काय टिकलं, काय नाही

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. बोटीवरच्या किड्यांसाठी एकाच गोष्टीवर पैसे टाकायचे असतील तर बारीक जाळीवर टाका. दुसरा नंबर झुरळांच्या जेलचा. स्प्रे बराच खाली येतो, आणि ते अल्ट्रासोनिक आवाजाने किडे पळवणारं यंत्र तर घेऊच नका.

आमची बोट २८ फुटी, फायबरची, सेकंडहँड, मांडव्याच्या बाजूला मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधलेली असते. ऑक्टोबरात पाण्यात उतरते आणि मेच्या शेवटी पावसाच्या आधी वर ओढतो. मधल्या काळात रेवदंडा, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असं थांबत थांबत गोव्यापर्यंत जाणं-येणं झालं आणि रात्री बहुतेक खाड्यांमध्येच नांगरावर काढल्या. खाडी म्हटली की खारफुटी आली आणि खारफुटी म्हटली की चिलटं आलीच, त्यामुळे खालचं सगळं चांगलं कसाला लागलंय.

सुरुवात वाऱ्यापासून करते कारण प्रॉडक्टच्या आधी हे कळलं पाहिजे. किनाऱ्यापासून लांब नांगर टाका, डास येत नाहीत, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. दुपारी खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे असतो तेव्हा बोटीवर एक माशी दिसत नाही, पण रात्री मतलई सुटला की तोच वारा जमिनीवरचं सगळं उचलून आपल्याकडे आणतो, आणि जिथे मासळी वाळत घातलेली असते त्या बंदरांत तर उजाडताच माश्यांची झुंड कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीवरच्या उघड्या बसायच्या जागेत, हजर. सगळ्यात वाईट वेळ या दोन वाऱ्यांच्या मधली, सूर्य बुडताना वारा पडतो तो तासभर. चिलटांना उडायला ताकद नसते, थोडा वारा असला तरी त्यांचं काही चालत नाही, म्हणून ती हीच वेळ साधतात. तेव्हा खाडीत आत, झाडांच्या आडोशाला, छान शांत जागा दिसली की मोहात पडू नका, शक्य असेल तर जरा बाहेर, जिथे वाऱ्याला वाट आहे तिथे थांबा, थोडं डुललं तरी चालेल. आणि जाळ्या सूर्यास्ताच्या आधी लावा. अंधार पडल्यावर लावल्या तर जे आत यायचं ते आलेलं असतं.

आता जाळी. घराच्या खिडकीला लावतात ती साधी मच्छरजाळी, इंचाला १८ बाय १६ भोकांची, डास अडवते पण चिलटं नाही. खारफुटीतली चिलटं १ ते ३ मिलिमीटरची, अंगाने बारीक, त्या भोकातून सरळ आत येतात. जयगडच्या खाडीत पहिल्या रात्री साधी जाळी लावलेली होती आणि सकाळी घोट्याभोवती, मनगटावर आणि कानामागे बारीक लाल पुरळ, खाज चार दिवस. त्यानंतर इंचाला ३० च्या पुढे भोकं असलेली जाळी आणून ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतली. हॅचसाठी, म्हणजे डेकवरच्या झडपेसाठी, फ्रेमवर ताणलेली, आणि केबिनच्या दाराला पडद्यासारखी, खालच्या दुमडीत मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं घालून. ही वजनं बंदरावरच्या दुकानात किलोवर मिळतात, स्वस्त आहेत, आणि पडदा आपोआप खाली पडून बसतो, हातात चहाचा कप असला तरी खांद्याने सारून आत जाता येतं. वेल्क्रोबद्दल एक: चिकटवायचं वेल्क्रो मार्चच्या उन्हात सुटतं, गोंद वितळून फायबरवर चिकट पट्टा राहतो. कापडावर शिवून घ्या आणि बोटीकडची बाजू स्क्रूवाल्या बटनांनी बसवा.

बारीक जाळीचा तोटा म्हणजे हवा खूप कमी येते. एप्रिल-मेमध्ये केबिनची भट्टी होते. त्यावर उपाय १२ व्होल्टचे छोटे पंखे, बिछान्याच्या डोक्याशी आणि पायाशी एकेक. अर्धा अँपिअरसुद्धा खात नाहीत, रात्रभर चालवले तरी बॅटरीला जड जात नाही. आणि आत चुकून शिरलेलं चिलट पंख्याच्या झोतात अंगावर बसू शकत नाही, म्हणजे एका खर्चात दोन कामं. माझ्या मते जाळी आणि पंखा ही जोडी आहे, एकटं एक घेऊ नका.

दिव्यांचं पण सांगते. पांढऱ्या, निळसर एलईडीवर किडे जास्त येतात, पिवळसर दिव्यावर कमी. कॉकपिटमधले सगळे दिवे बदलले, फरक पहिल्याच रात्री दिसला. नांगरावरचा दिवा मात्र पांढराच ठेवावा लागतो, समुद्री नियम आहे आणि बरोबर आहे, रात्री ट्रॉलर आणि मचवे येत-जात असतात. तो डोलकाठीच्या टोकावर असेल तर उत्तम, किडे वर जमतात, आपण खाली.

आणि किडे जमले की कोळी येणारच. हा मुद्दा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. बोट पाण्याच्या मधोमध उभी, दोरी सोडली तर जमिनीशी काही संबंध नाही, मग कोळी येतात कुठून? वाऱ्यावर. कोळ्यांची पिल्लं धागा हवेत सोडतात आणि त्यावर तरंगत जातात. चार्ल्स डार्विनने १८३२ मध्ये बीगल जहाजावर किनाऱ्यापासून ६० मैलांवर दोरखंडांत असे हजारो बारीक कोळी उतरलेले पाहिले होते. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की हवेतल्या विद्युत क्षेत्राने सुद्धा कोळी उड्डाण घेतात, वारा नसला तरी. म्हणजे तुम्ही कितीही फवारा, रोज नवे येणार, हे एकदा मान्य केलं की डोकं शांत राहतं. नोव्हेंबरात सकाळी डेकवर आलं की रेलिंगच्या तारांवर, बूमखाली (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा), शिडाच्या कव्हरच्या घड्यांत जळमटं, दवाने भिजलेली.

कोळ्यांना मी मारत नाही, ते चिलटंच खातात. त्रास त्यांचा नाही, त्यांच्या विष्ठेचा. काळे बारीक ठिपके पांढऱ्या फायबरवर आणि शिडाच्या कव्हरवर, आणि उन्हात वाळले की आत मुरतात. रोज सकाळी ब्रशने जळमटं काढून डेकवर साबणाचं पाणी मारायचं, दहा मिनिटांचं काम आहे. वाळलेल्या डागावर ओलं फडकं पाऊण तास टाकून ठेवायचं आणि मग पुसायचं, लगेच घासलं तर पसरतो. पुदिन्याचं तेल पाण्यात मिसळून फवारा असं खूप जण सांगतात, सुवास छान येतो, माझ्या बोटीवर कोळ्यांमध्ये काडीचा फरक दिसला नाही. मऊ लांब दांड्याचा ब्रश, हेच कोळ्यांचं खरं औषध.

आता कुंभारमाशी. ही फार कमी लोकांना माहीत असते आणि हीच सगळ्यात धोकादायक आहे. विजयदुर्गला दोन आठवडे बोट उभी होती, परत निघालो तर इंजिन अर्धा तास नीट चालून मग गुदमरायला लागलं, थोडं थांबून चालू केलं की पुन्हा तेच. फिल्टर बदलला, हवा काढली, उपयोग शून्य. शेवटी आमच्याबरोबर असलेल्या तांडेल काकांनी डिझेल टाकीचं झाकण सैल केलं तर फस्स करून हवा आत ओढली गेली, आणि काका म्हणाले, ‘ताई, टाकीचं नाक बंद झालंय.’ टाकीतून हवा आत-बाहेर जायला बाहेरच्या बाजूला जी छोटी नळी असते तिचं तोंड चिखलाने लिंपलेलं. स्क्रूड्रायव्हरने ढेकूळ काढून डेकवर फोडलं तर आत मडक्यासारखी कप्पेवार घरं, आणि प्रत्येक कप्प्यात पाच-सहा छोटे कोळी कोंबलेले, पाय दुमडलेले, अंग मऊ, मेलेले नाहीत पण हलतही नाहीत, आणि त्यांच्यात एक पिवळट अळी. ही माशी कोळ्यांना डंख मारून बधिर करते आणि पिल्लांसाठी ताजं अन्न म्हणून साठवते. बोटीवर कोळी भरपूर आणि नळ्यांची तोंडं उघडी, तिला आणखी काय पाहिजे! १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून उडालेलं विमान पडून १८९ माणसं गेली, त्यात वेग मोजणाऱ्या नळीत अशाच माशीचं घर असावं असा निष्कर्ष निघाला होता, तेव्हा हा प्रकार हलका समजू नका. मी आता टाकीची हवानळी, पाण्याच्या टाकीची हवानळी, गॅसच्या लॉकरचं भोक, सगळ्यांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी क्लिपने बसवली आहे. स्टीलची ३१६ ग्रेड घ्या, साधी असेल तर खाऱ्या हवेत गंजून तीच भोक बंद करते. दर आठवड्याला बोटीवर फिरून ही सगळी तोंडं बघायची.

झुरळं. इथे जास्त लिहिणार आहे कारण एकदा शिरली की बोटीत लपायला जागाच जागा, पॅनेलच्या मागे, वायरींच्या बोगद्यात, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळच्या ऊबेत. बारीक तपकिरी जातीचं झुरळ म्हणजे जर्मन झुरळ, त्याच्या एका अंडीकोशात ३० ते ४० पिल्लं. ती बोटीवर चालत येत नाहीत, आपणच आणतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, कांदे-बटाट्याच्या गोणीत, केळ्याच्या फणीत. म्हणून पुठ्ठा बोटीवर चढत नाही, हा आमच्याकडे नियम. सामान डिंगीतच (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) क्रेटमध्ये ओतायचं, खोकी धक्क्यावरच सोडायची, केळी आणि शहाळी समुद्राच्या पाण्यात बुचकळून घ्यायची, फळभाज्या पुसून. तांडेल काकांच्या बोटीत हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि त्यांच्याकडे खरंच झुरळ दिसत नाही.

तरी आली तर जेल. फिप्रोनिल या औषधाचं घेतलं होतं, मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, लॉकरच्या बिजागऱ्यांजवळ, सिंकखाली, इंजिनच्या डब्याच्या कडेला. मोठा गोळा एका जागी टाकण्यापेक्षा छोटे ठिपके बऱ्याच ठिकाणी. खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं आणि त्याची विष्ठा, मढं खाऊन बाकीची पण मरतात, म्हणून जे दिसत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचतं. आठवड्याभरात फरक, महिन्यात साफ. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जेलच्या आसपास स्प्रे मारायचा नाही, वासाने ती जेलकडे फिरकतच नाहीत आणि दोन्ही खर्च वाया. आणि तीन-चार महिन्यांनी जेलमधलं औषध बदला, मी दुसऱ्या वेळी इमिडाक्लोप्रिडचं आणलं. गोड आमिषालाच न शिवणारी झुरळं असतात हे १९९३ पासून माहीत आहे, तेव्हा एकाच ट्यूबवर जन्मभर विसंबू नका.

बोरिक पावडर, पीठ, साखर, दूध यांच्या आईच्या पद्धतीच्या गोळ्या घरी मस्त चालतात. बोटीवर दमट हवेत आठ दिवसांत बुरशी येते, सतत बदलणार असाल तरच करा. डायटोमेशियस अर्थची पावडर पण तशीच, ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून त्याला वाळवते, पण कोरडी राहिली तरच. बिल्जजवळ, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं तिथे, तिचा चिखल होतो. मी परत घेणार नाही.

फॉगर, म्हणजे डबा उघडून केबिन बंद करायची तो प्रकार, बोटीवर कृपा करून वापरू नका. त्यातला गॅस पेट घेणारा असतो आणि केबिनमध्ये शेगडी, बॅटरी, आपोआप चालू होणारा बिल्ज पंप, एक ठिणगी बास होते. डासांची कॉइल पण आत नाही, लावायची तर कॉकपिटमध्ये मातीच्या थाळीत. पायरेथ्रॉइड प्रकारच्या कीटकनाशकाचे स्प्रे मासे आणि कोळंबीला फार विषारी असतात, डेकवर फवारून बादलीने समुद्रात धुणं हे मला पटत नाही, ज्या खाडीत आपण राहतो तिथेच लोकांची जाळी लागलेली असतात. स्प्रे ठेवलाय, पण केबिनमध्ये समोर दिसलेल्या एकट्या झुरळासाठी.

अल्ट्रासोनिक यंत्राबद्दल जास्त लिहायला काही नाही. दोन महिने चालवलं, त्याच्याच खोक्यावर झुरळ फिरताना पाहिलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच ६० च्या वर कंपन्यांना अशा दाव्यांबद्दल ताकीद दिली होती.

धान्याला किडे लागतात त्यावर सोपं: तांदूळ, रवा, कणीक निघायच्या आधी घरच्या डीप फ्रीजरमध्ये चार दिवस, मग घट्ट झाकणाच्या बरण्यांत. तमालपत्र घालते सवयीने, काम बरणीच करते.

डासांची पैदास बोटीवरच होऊ शकते हे विसरू नका. डिंगीत साचलेलं पाणी, शिडाच्या कव्हरची खोळ, बादली, एवढ्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात आणि त्यांची अंडी सुकली तरी महिनोन् महिने जगतात. बोट सोडताना डिंगी पालथी, बादली पालथी.

एक अपवाद सगळ्याला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनाऱ्यापासून लांबसुद्धा पिवळसर चतुर येऊन तारांवर बसतात. ते भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. एवढा समुद्र ओलांडणारा जीव आपल्या बोटीवर विसावला तर त्याला बसू द्यावं, शीड हलवायची घाई नसेल तर मी दोरीसुद्धा ओढत नाही.

मेमध्ये बोट वर ओढली की मुंग्या टेकूंवरून चढतात, तेव्हा टेकूंच्या पायांना ग्रीसचा पट्टा मारते. फ्रिज, डबे, बरण्या सगळं घरी. गाद्या उभ्या, सगळे लॉकर उघडे, जेलचे ताजे ठिपके. पावसात कुंभारमाशी जमिनीवरच्या बोटीला जास्त शोधते, म्हणून एक्झॉस्टसकट सगळ्या तोंडांत जाळीच्या पुरचुंड्या कोंबते आणि इंजिनच्या किल्लीला लाल चिंधी बांधून तिच्यावर मार्करने कुठली तोंडं बंद आहेत ते लिहिते, कारण ऑक्टोबरात बोट उतरवताना घाईघाईत कोणी बंद एक्झॉस्टवर स्टार्टर मारला तर इंजिनचं काही खरं नाही.