मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन: मेलेल्या साथीदारांचं पुढच्या भागात काय होतं?

स्पॉयलर भरपूर आहेत, आधीच सांगतेय. मे 2021 मध्ये आलेल्या या एडिशनमध्ये बायोवेअर कंपनीच्या मास इफेक्ट या अंतराळातल्या गेम मालिकेचे पहिले तिन्ही भाग आणि जवळपास सगळे सिंगल प्लेअर डीएलसी (नंतर आलेले जोडभाग) मिळतात, ग्राफिक्स सुधारलेत, त्यावर खूप जणांनी लिहिलंय. मला बोलायचंय सेव्ह फाइलबद्दल. आपण ज्याच्या रूपात खेळतो तो शेपर्ड एका भागातून पुढच्या भागात जातो तेव्हा कोण जगलं, कोण गेलं हा सगळा हिशोब सोबत येतो.

दुसऱ्या भागाच्या शेवटी सुसाइड मिशन आहे, म्हणजे जिथून परत येण्याची खात्री नाही अशी मोहीम. टीममध्ये बारा जणांपर्यंत असतात आणि त्यातलं कोणीही मरू शकतं, सगळे वाचूही शकतात. आता तिसरा भाग लिहिणाऱ्यांनी करायचं काय? प्रत्येक पात्र असेलही आणि नसेलही, आणि कथा तर पुढे सरकलीच पाहिजे.

बायोवेअरने बदली माणूस ठेवला. शास्त्रज्ञ साथीदार मॉर्डिन मेला असेल तर त्याच्या जागी पॅडॉक विक्स येतो, क्रोगन या परग्रही जमातीतला साथीदार रेक्स गेला असेल तर क्रोगनांचा म्होरक्या त्याचा भाऊ रीव्ह. वरवर बघितलं तर काम तेच, सीन तोच. पण रेक्सला आपल्या लोकांचं भलं करायचंय आणि रीव्हच्या डोक्यात नुसता बदला, त्यामुळे जेनोफेजवरचा (क्रोगनांची पैदास जवळपास थांबवणाऱ्या रोगावरचा) इलाज क्रोगनांना द्यायचा की नाही हा प्रश्नच वेगळा होऊन बसतो. रेक्स समोर असताना इलाज न देणं म्हणजे दोस्ताचा गळा कापणं, रीव्ह असला की हात खरंच थांबतो.

आणि यातलं सगळ्यात भारी काय, तर मॉर्डिन. एरवी तो इलाज सोडायला टॉवरवर चढतो आणि तिथेच जातो. पण पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर रेक्स मेला असेल, आणि दुसऱ्या भागात शास्त्रज्ञ मेलॉनचा इलाजावरचा डेटा नष्ट केल्यामुळे ईव्ह ही क्रोगन बाई पण वाचली नसेल, तर मॉर्डिनला समजावता येतं, तो इलाज न सोडता मागे फिरतो आणि जगतो. म्हणजे 2007 च्या गेममधला एक मृत्यू 2012 च्या गेममध्ये दुसऱ्याचा जीव वाचवतो, तो पण एका अख्ख्या जमातीच्या भविष्याच्या बदल्यात. असं लिहायला हिंमत लागते.

गेथ या यंत्रमानवांपैकी असलेला साथीदार लीजन, त्याचंही तसंच. तो नसेल तर त्याच्या रूपात एक गेथ व्हीआय (नुसता प्रोग्रॅम) येतो, बोलतो, काम करतो, पण क्वेरियन (गेथना घडवणारी जमात) आणि गेथ यांच्यात समेट काही होत नाही. उणीव भरून निघत नाही, आणि तेच बरोबर आहे. शेपर्डच्या नॉर्मंडी यानावर तर गेलेल्यांच्या नावांची भिंतच आहे, मी दर मिशननंतर तिथे थांबायचे.

आता न पटलेलं. दुसऱ्या भागातल्या एवढ्या मोठ्या टीममधून तिसऱ्यात कायमचे सोबती म्हणून परत येतात फक्त गॅरस आणि टाली, तेही जिवंत असतील तर. मिरांडासारखी महत्त्वाची बाई चार भेटींपुरती उरते, जेकबचं तर विचारूच नका. मरू शकणाऱ्या पात्रावर खर्च किती करायचा हे गणित मला कळतं, पण ज्यांना जिवाचं रान करून वाचवलं त्यांनी असं पाहुण्यासारखं येऊन जावं याचं वाईट वाटतं. सिटाडेल डीएलसीत बरेच जण परत भेटतात तेव्हा जरा समाधान होतं.

तरी बायोवेअरच्याच ड्रॅगन एज मालिकेपेक्षा हे शंभर पटीने बरं. तिथे ओरिजिन्स या भागात साथीदार लेलियानाला मारलं तरी ती इन्क्विझिशनमध्ये हजर. द व्हेलगार्डमध्ये तर मागच्या मोजक्या तीनच निवडी विचारतात.

पहिल्यांदा खेळणार असाल तर गाइड उघडू नका, आणि सुसाइड मिशनमध्ये कोणी गेलं तर रीलोड करू नका. पहिला भाग जुनाट वाटतो म्हणून थेट तिसऱ्यावर तर मुळीच जाऊ नका, आधीची सेव्ह फाइल इम्पोर्ट केली नसेल तर डिफॉल्टमध्ये रेक्स मेलेलाच धरतात.