रेझोनन्स ट्यूबचा संच : नळी उत्तम, नादकाटे पारखून घ्या

अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये हवेतला ध्वनीचा वेग मोजण्यासाठी इंदूरच्या शाळांमध्ये जो उभ्या स्टँडचा संच येतो, त्याबद्दल लिहितो आहोत. एक मीटर लांबीची काचेची नळी, आतला व्यास ३.४ सेंमी, मागे मिलिमीटरची पट्टी, वर-खाली सरकणारं पाण्याचं भांडं, दोघांना जोडणारी रबरी नळी, चिमटा, आणि २५६ ते ५१२ हर्ट्‌झच्या आठ नादकाट्यांची (ट्यूनिंग फोर्कची) पेटी. काच सरळ आणि एकसारख्या व्यासाची आहे, भांडं घट्ट बसतं. थर्मामीटर मात्र नाही, आणि ही लहान उणीव नव्हे.

हवेतला ध्वनीचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटरच्या आसपास असतो आणि दर अंशामागे सुमारे ०.६ मीटरने वाढतो. जानेवारीत सकाळी प्रयोगशाळेत १२ अंश असतील तर वेग ३३८-३३९ यायला हवा. एप्रिलच्या दुपारी ३५ अंशाला ३५२. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे वेग कमी, असं मुलं हमखास म्हणतात. तसं होत नाही. उंचीवर दाब कमी होतो तशी त्याच प्रमाणात घनताही कमी होते. दोहोंचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून तापमान तेच असेल तर वेगही तोच. तेव्हा वहीत तापमान लिहिलेलं नसेल तर उत्तर तपासताच येत नाही. साधा थर्मामीटर वेगळा घ्या आणि नळीच्या तोंडाशी टांगा.

५१२ चा काटा वाजला की त्याची शाखा १/१०२४ सेकंदात खाली येते आणि तेवढ्याच वेळात परत वर जाते. खाली येताना ती हवेत जे संपीडन, म्हणजे दाबलेल्या हवेचा थर, ढकलते, ते नळीतल्या पाण्यावर आपटून नेमकं तेवढ्याच वेळात तोंडाशी परतलं, तर पुढच्या हालचालीला जोर मिळतो आणि नळी दणदणीत वाजते. ३५ अंशाला एवढ्या वेळात ध्वनी ३४.४ सेंमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन १७.२ सेंमीची हवा हवी. प्रत्यक्षात आवाज १६.२ सेंमीलाच फुगतो, कारण कंप पावणारी हवा नळीच्या तोंडाबाहेरही थोडी असते, व्यासाच्या सुमारे ०.३ पट. या नळीत ती एक सेंमी भरते.

मुलं फसतात ती इथेच. ही एक सेंमी विसरून चारने गुणलं, ४ × ५१२ × ०.१६२, तर उत्तर येतं ३३२. पुस्तकातला शून्य अंशाचा आकडा! खोलीत ३५ अंश असताना उत्तर ‘जुळलं’ म्हणून वही बंद होते. म्हणून पाणी आणखी खाली नेत, नळी पुन्हा दणदणते ती दुसरी जागा शोधायलाच हवी. ती ५०.६ सेंमीच्या आसपास सापडते. दोन वाचनांची वजाबाकी ३४.४, तिची दुप्पट गुणिले ५१२, म्हणजे ३५२. तोंडाबाहेरची हवा वजाबाकीत आपोआप गळून जाते. पट्टीचा शून्य नळीच्या काठाशी जुळत नाही, ती चूकही तशीच गळते. पाण्यावरची हवा दमट असते, त्यामुळे उन्हाळ्यात उत्तर दोन-तीन मीटर जास्त आलं तर घाबरू नका.

पेटीतला २५६ चा काटा या नळीला निरुपयोगी आहे. ३५ अंशाला त्याची दुसरी जागा १०२ सेंमीवर पडते, नळी शंभराची. थंडीत ती ९८ वर येते, पण तिथे नळीच्या तळाच्या बुचाची जागा सुरू झालेली असते. २८८ ची कशीबशी मिळते. ३२०, ३८४, ४८० आणि ५१२ हे चार काटे पुरेत. दुकानदार सुटे देत असेल तर तेच घ्या.

आणि काटे घेताना मोबाइलवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं ॲप लावून दुकानातच तपासा. ४८० छापलेला काटा ४७७ वर वाजत असेल तर वेगात सरळ दोन मीटरचा फरक पडतो, आणि मुलं बिचारी वाचनं बदलत बसतात. शाखांवर गंज किंवा कानशीचे ओरखडे दिसले तर तो काटा परत करा. काटा रबराच्या ठोकळ्यावरच मारायचा. ओट्यावर आपटला की वरचे कर्कश स्वर निघतात, शिवाय काटा कायमचा बिघडतो. नळीवर धरताना एक शाखा वर, एक खाली, काठापासून सेंटिमीटरभर वर. काचेला टेकला की संपलं.

पाणी नर्मदेचं वापरा, बोअरिंगचं नको. त्याच्या क्षाराने काचेवर पांढरे पट्टे चढतात आणि पाण्याची पातळी वाचता येत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं थेट भरू नका, ते तापलेलं पाणी आतली हवाही तापवतं आणि थर्मामीटर वेगळंच सांगतो. आदल्या रात्री बादली भरून खोलीत ठेवा.

संचातली रबरी नळी फार पातळ आहे, चिमट्याखाली लवकर चिरते आणि वाचन घेताना पातळी हळूहळू उतरत राहते. तेवढी बदलून जाड भिंतीची घ्या, दोन्ही टोकांना तारेचा फास द्या. चार पारखलेले काटे, ही नळी आणि थर्मामीटर एवढं जमवलं तर संच घेण्यासारखा आहे. आठ काट्यांच्या पेटीचे जास्तीचे पैसे मात्र देऊ नका.