निवृत्तीचा पैसा: बारा लाखांच्या अलीकडचे आणि पलीकडचे

सांगलीत कुणी निवृत्त झालं, की घरात आठवडाभरात सल्ल्यांची रांग लागते. बँकेतले साहेब मुदत ठेव सुचवतात, पोस्टाची एजंट ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा फॉर्म घेऊन येते, भाचा म्युच्युअल फंडाचं सांगतो आणि शेजारचे काका म्हणतात, "पीपीएफ सोडू नका, त्याला कर नाही." यातलं कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाचा सल्ला कुणाला ना कुणाला लागू पडतो. तुम्हाला कुठला लागू पडेल, हे एका प्रश्नावर ठरतं, आणि तो विचारायचाच राहून जातो. तुमचं वर्षाचं करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे की बाहेर?

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करात जास्तीत जास्त ६० हजारांची सूट मिळते आणि कर शून्य होतो. पेन्शनधारकाला शिवाय ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे. निवृत्तीच्या वेळी हातात येणारी मोठी रक्कम बहुतेकांच्या बाबतीत या बारा लाखांत मोजलीच जात नाही. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर प्रॉव्हिडंट फंड करमुक्त असतो. खासगी नोकरीतली ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत, दोन्ही ठरलेल्या हिशेबाने, करमुक्त असतात. कर लागतो तो त्या पैशाने पुढे कमावलेल्या व्याजावर आणि पेन्शनवर. म्हणून तुलना करायची ती तिथे.

दोन घरं, दोन हिशेब

समजण्यासाठी दोन गृहस्थ घेऊ. पहिले कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडासोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन महिना ४,०००, हातात ६० लाख. दुसरे विश्रामबागेत राहणारे निवृत्त प्राध्यापक. पेन्शन महिना ८५,०००, हातात ५० लाख.

पहिल्यांनी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. एका व्यक्तीला तिथे तेवढीच कमाल मर्यादा आहे. ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,००० येतात, म्हणजे दर तिमाहीला ६१,५००. पोस्टाच्या मासिक योजनेत ९ लाख ठेवले, ७.४ टक्क्यांनी ६६,६००. उरलेले २१ लाख बँकेच्या ठेवीत, ७ टक्के धरले तर १,४७,०००. एकूण व्याज ४,५९,६००. ४८ हजारांची पेन्शन प्रमाणित वजावटीतच संपते. नव्या प्रणालीत कर शून्य. जुन्या प्रणालीत ज्येष्ठांना व्याजावर कलम ८० टीटीबीची ५० हजारांची वजावट मिळते, उत्पन्न पाच लाखांच्या आत येतं, म्हणजे तिथेही कर शून्यच. नुसत्या व्याजावर बारा लाख गाठायचे म्हटले तर आठ टक्क्यांनी दीड कोटी रुपये लागतील. या गृहस्थांना "कर वाचवणारी" कोणतीही योजना विकायला कुणी आलं तर त्यांनी शांतपणे नको म्हणावं. त्यांच्याकडे वाचवायला करच नाही.

दुसऱ्यांचं चित्र वेगळं आहे. पेन्शनचे १०,२०,०००, त्यातून ७५ हजार वजा, ९,४५,०००. ज्येष्ठ नागरिक योजनेचे २,४६,००० मिळवले की ११,९१,०००. इथपर्यंत कर शून्य. आता उरलेले २० लाख त्यांनी बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले. व्याज १,४०,०००, एकूण उत्पन्न १३,३१,०००. नियमित दराने कर ७९,६५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ८२,८३६ रुपये. म्हणजे १,४०,००० रुपयांच्या व्याजातले ५७ हजारच घरात आले. सात टक्क्यांची ठेव हातात पडताना तीन टक्क्यांच्याही खाली गेली.

हे का होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. बारा लाखांची रेष ओलांडली की ६० हजारांची सूट जाते आणि कर चार लाखांच्या वरच्या सगळ्या टप्प्यांवर लागतो. मार्जिनल रिलीफ आहे, त्यामुळे बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढ्याहून अधिक कर लागत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की १२ लाख ते साधारण १२ लाख ७० हजार या पट्ट्यातलं वरचं सगळं उत्पन्न करातच जातं, आणि उपकर वेगळा. या पट्ट्यात सापडलेल्या ठेवीचं व्याज तुम्ही सरकारसाठी कमावता. निवृत्त प्राध्यापक, बँक अधिकारी, मोठ्या पदावरचे राज्य सरकारी कर्मचारी यांनी पेन्शन आणि व्याजाची बेरीज मार्चमध्ये करू नये. एप्रिलमध्येच करावी.

जुनी प्रणाली बरी पडेल का, हा पुढचा प्रश्न. याच प्राध्यापकांनी ८० सीचे (पीपीएफ, विमा अशा गुंतवणुकीवरच्या वजावटीचे) दीड लाख, आरोग्य विम्याचे ५० हजार आणि व्याजावरचे ५० हजार, सगळं घेतलं तरी जुन्या प्रणालीत उत्पन्न ११,०६,००० राहतं आणि कर उपकरासह १,४७,४७२ होतो. नव्यापेक्षा ६४ हजारांनी जास्त. त्यामुळे कर वाचवण्यासाठी निवृत्तीनंतर दीड लाख अडकवून ठेवायचं कारण यांच्यापुरतं तरी उरलेलं नाही.

कुठला पैसा कुठे

ज्येष्ठ नागरिक योजना आणि पीपीएफ समोरासमोर ठेवा. एकीचा दर ८.२, व्याज पूर्ण करपात्र. दुसऱ्याचा ७.१, व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांना कर नाही, म्हणून त्यांच्यासाठी ८.२ म्हणजे ८.२च. पीपीएफमध्ये पैसे ठेवून ते दर वर्षी एक टक्क्याहून जास्त सोडतात. प्राध्यापकांसारखा माणूस १५ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह ८.२चे ६.९२ उरतात. तिथे ७.१चा पीपीएफ पुढे जातो. काकांचा सल्ला प्राध्यापकांसाठी बरोबर होता. कारखान्यातल्या गृहस्थांसाठी नव्हता.

पीपीएफचं जुनं खातं असेल तर निवृत्तीच्या भरात ते बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पंधरा वर्षं झाल्यावर पाच-पाच वर्षांनी ते वाढवता येतं. पैसे भरत राहायचे असतील तर मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. न भरता नुसतं चालू ठेवलं तरी शिल्लक रकमेवर व्याज मिळत राहतं आणि वर्षातून एकदा पैसे काढता येतात. तीस-चाळीस लाखांची शिल्लक असलेलं खातं मोडून ते पैसे करपात्र ठेवीत टाकणं हे बारा लाखांच्या पलीकडच्या माणसाने स्वतःचं केलेलं थेट नुकसान आहे. मात्र साठाव्या वर्षी नवीन खातं उघडणं वेगळं. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आणि पंधरा वर्षांची मुदत असल्यामुळे आज हातात असलेल्या २० लाखांना ते उत्तर नाही.

त्या २० लाखांसाठी डेट म्युच्युअल फंडाचा, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाचा, विचार करण्यासारखा आहे. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर ठेवीसारखाच टप्प्यानुसार कर आहे, म्हणून अनेकांनी तो विषयच सोडून दिला. पण दोन फरक अजून आहेत. बँकेतल्या संचयी (व्याज मुदतीअंती एकदम देणाऱ्या) ठेवीचं व्याज हातात न येताही दर वर्षी करपात्र होतं. फंडात पैसे काढेपर्यंत कर नाही. आणि काढल्यावरही कर फक्त त्यातल्या नफ्याच्या भागावर. फंड वर्षाला साडेसहा टक्के वाढला असं धरून वर्षअखेर १,२०,००० काढले, तर त्यातला नफा साडेसात हजारांच्याही आत येतो. बाकी तुमचंच मुद्दल. प्राध्यापकांचं उत्पन्न ११,९८,००० च्या आसपास राहतं आणि कर शून्य. पुढच्या वर्षांत नफ्याचा वाटा वाढतो, तेव्हा काढायची रक्कम दर वर्षी हिशेब करून ठरवावी लागेल. फंडात मुद्दलाची हमी नसते. म्हणून अल्प मुदतीचे, सरकारी रोख्यांवर भर असलेले फंडच बघावेत, आणि रात्रीची झोप ज्यावर अवलंबून आहे तो पैसा तिथे नेऊच नये. शेअर फंडांत दीर्घ मुदतीच्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि बारा लाखांची सूट त्या कराला लागू होत नाही.

महागाई भत्त्याचा किंवा वेतन आयोगाचा फरक एकदम मिळाला आणि त्यामुळे एखाद्याच वर्षी रेष ओलांडली, तर कलम ८९ची सवलत मागता येते. फॉर्म १० ई रिटर्नच्या आधी भरावा लागतो.

शेती असेल तर

सांगली जिल्ह्यात हा भाग कुणी चुकवू नये. तासगावची द्राक्षं, वाळव्याचा ऊस, हळद, यांचं उत्पन्न करमुक्त आहे, हे सगळ्यांना ठाऊक. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच हजारांहून जास्त आणि इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेहून जास्त असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवलं जातं. करपात्र उत्पन्न ११ लाख आणि शेतीचे ५ लाख असतील तर काय होतं पाहा. १६ लाखांवरचा कर १,२०,०००. त्यातून शेतीचे पाच आणि मूळ मर्यादेचे चार अशा नऊ लाखांवरचा कर ३०,००० वजा. उरले ९०,०००. सूट जास्तीत जास्त ६०,०००. म्हणजे ३०,००० आणि उपकर, ३१,२०० रुपये भरायचे, तेही करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असताना. ज्यांच्या सातबाऱ्यावर चांगलं बागायत क्षेत्र आहे, त्यांच्यासाठी रेष बारा लाखांच्या बरीच अलीकडे सरकते.

पतसंस्था, पॉलिसी आणि पत्नीचं नाव

आपल्याकडे पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि दर बँकेपेक्षा जास्त दिसतो. अनेक ठिकाणी सभासदाच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापला जात नाही, त्यावरून कर नाही असा समज होतो. टीडीएस नसला तरी व्याज करपात्रच असतं. ८० टीटीबीची वजावट बँक, सहकारी बँक आणि पोस्ट यांच्या व्याजाला आहे. बँकिंग परवाना नसलेल्या पतसंस्थेच्या व्याजाला नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सहकारी बँकेत ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेत ते नाही. करात काही वाचत नसताना आयुष्याची कमाई तिथे का धोक्यात घालायची?

एकरकमी हप्त्याच्या "करमुक्त" पॉलिसीचं तसंच. एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत विमा रक्कम हप्त्याच्या दहापट नसेल तर मुदतीअंती मिळणारा नफा करपात्र ठरतो, आणि साठीनंतर दहापट विमा महाग पडतो. घेण्याआधी हा एक आकडा एजंटकडून लिहून घ्या.

पत्नीच्या नावावर ठेव केली की कर वाचतो, हाही जुना समज. तुमच्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. त्यांच्या स्वतःच्या नोकरीचे, माहेरून मिळालेले पैसे असतील तर ते त्यांच्या नावाने वेगळे ठेवावेत आणि तसा कागद जपावा. दोघंही नोकरीतून निवृत्त असतील तर ज्येष्ठ नागरिक योजनेची मर्यादा प्रत्येकी ३० लाख आहे. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलेल्या पैशाचं व्याज तुमच्या नावावर येत नाही. पण दिलेला पैसा परत मागता येत नाही, आणि नुसत्या करासाठी तो देऊ नये असं मला वाटतं.

अजून नोकरीत असाल तर

नव्या प्रणालीत स्वतः भरलेल्या पैशावर ८० सी नाही. मालकाकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) जाणाऱ्या रकमेवर मात्र मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. वर्षाला ७,२०,००० मूळ पगार असेल तर ती १,००,८००. निवृत्तीच्या वेळी एनपीएसमधली ६० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त मिळते, ॲन्युइटीत, म्हणजे विमा कंपनीकडून पेन्शन विकत घेण्यात, गेलेल्या भागाची पेन्शन पूर्ण करपात्र असते. प्रॉव्हिडंट फंड सगळाच करमुक्त बाहेर येतो, फक्त स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली तर त्या वरच्या भागाच्या व्याजावर कर आहे. आज कर भरत असाल आणि निवृत्तीनंतर बारा लाखांच्या आत येणार असाल, तर कंपनीला एनपीएसबद्दल जरूर विचारा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. ज्येष्ठ नागरिक योजनेचं वय साठ असलं तरी पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यांना, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं, त्या रकमेइतकंच. ती मुदत गेली की साठीपर्यंत थांबावं लागतं. या दोन वर्षांत टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक देतात तो फॉर्म १५ एच चालत नाही, १५ जी द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी कर शून्य असण्याबरोबरच वर्षाचं एकूण व्याजही मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावं लागतं. व्याज नव्या प्रणालीत चार लाखांच्या वर जात असेल तर टीडीएस कापू द्या आणि रिटर्न भरून परत घ्या.