बटणवाली सेडान की चावीवाली? दोन्ही वापरून झाल्यावरचं मत

सेडान घ्यायची ठरली की कुठली कंपनी, कुठलं इंजिन, पेट्रोल की हायब्रिड हे सगळं तसं लवकर नक्की होतं आणि मग घोडं अडतं ते व्हेरियंटवर. वरचं घेतलं की पुश बटण स्टार्ट, कीलेस एन्ट्री (चावी खिशातच ठेवून दार उघडायची सोय), या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रीन, एसी पण टचवर, असं सगळं एकत्रच येतं, त्यातलं एक हवं आणि एक नको असं फारसं चालत नाही. मधलं घेतलं की साधी चावी, एसीचे गोल नॉब आणि बेताची स्क्रीन. माझी आधीची गाडी बटणवाली होती, आत्ताची चावीवाली आहे, दोन्ही मनापासून चालवल्यात, त्यामुळे जे लिहितोय ते वापरातलं आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं आणि का असू शकतं ते पण खाली येईलच.

आधी बटणाच्या बाजूने बोलतो, कारण जुने गाडीवेडे लोक त्याला उगाच नावं ठेवतात. "चावी फिरवण्यात जो फील आहे तो बटणात नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, पण दोन्ही हातात सामान आहे, बाहेर पाऊस आहे, आणि हँडलला हात लावल्याबरोबर दार उघडतंय, ब्रेकवर पाय आणि बोटाने बटण, गाडी सुरू, ही सोय खरंच मोठी आहे आणि एकदा सवय झाली की सुटत नाही. मनगट किंवा बोटं दुखणाऱ्या माणसाला तर त्याचं मोल विचारा. मर्सिडीजने 1990 च्या दशकाच्या शेवटी एस-क्लासमधे हे आणलं तेव्हा श्रीमंती थाट होता, आता साध्या फॅमिली सेडानमधे पण येतं. चावीतला सेल संपला तर काय, अशी भीती बऱ्याच जणांना असते, ती सोडून द्या. आत लपवलेली छोटी चावी असते तिने दार उघडतं, आणि बहुतेक गाड्यांमधे ती रिमोट चावी बटणाला टेकवली किंवा ठरलेल्या खाचेत ठेवली की गाडी चालू होते, कारण तिच्यातल्या इमोबिलायझरच्या, म्हणजे गाडीला चावी ओळखू देणाऱ्या, चिपला सेल लागतच नाही.

आता इंटिरियर. इथे माझं मत सरळ आहे आणि मी एकटाच असं म्हणतोय असंही नाही. मोठी स्क्रीन मॅपला उत्तम, रिव्हर्स कॅमेऱ्याला तर अतिउत्तम. पण एसीचा पंखा कमी करायला, काचेवरचं धुकं घालवायला, आवाज खाली करायला स्क्रीनकडे बघावं लागणं हे चालत्या गाडीत बरोबर नाही. स्वीडनच्या वी बिलागारे या मासिकाने 2022 मधे ताशी 110 किलोमीटर वेगाने गाडी चालवत ड्रायव्हरला चार साधी कामं करायला लावली होती, रेडिओ बदलणं, सीट गरम करणं, डिस्प्लेचा उजेड कमी करणं वगैरे. 2005 ची बटणांची व्होल्वो व्ही 70 दहा सेकंदात मोकळी झाली, आणि तपासलेल्या गाड्यांत शेवटी आलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीला 44.6 सेकंद लागले, म्हणजे तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेली. आता युरो एनकॅपने, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने पण 2026 पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न असल्या गोष्टी हाताने दाबायच्या बटणांवर असतील तरच पूर्ण गुण असं केलंय. उशिरा का होईना, पण केलं.

आणि कंपन्यांना हे कळत नाही असं पण नाही. होंडाने दहाव्या पिढीच्या सिव्हिकमधे आवाजाचा नॉब काढून टच स्लायडर दिला होता, लोकांनी इतकी ओरड केली की 2019 च्या फेसलिफ्टमधे नॉब परत आला, आणि त्याच्या पुढच्या सिव्हिकचा डॅशबोर्ड बघा, आडवी जाळी, त्यातच एसीचे व्हेंट लपवलेले आणि खाली तीन खणखणीत गोल नॉब. मला आजच्या सेडानमधला सगळ्यात समंजस डॅशबोर्ड तो वाटतो. माझदानेही 2019 च्या माझदा 3 मधे स्क्रीन लांब, नजरेच्या रेषेत ठेवली आणि सगळा कारभार गिअरजवळच्या फिरत्या नॉबवर दिला. बाकी पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळ्या प्लॅस्टिकबद्दल काय बोलायचं, शोरूममधे चमकतं, घरी आल्यावर फक्त बोटांचे ठसे आणि ओरखडे. अ‍ॅम्बियंट लाइट चांगले दिसतात, ते मान्य, पण त्यावरून गाडी ठरवू नका.

तरीपण खरं सांगायचं तर मी स्क्रीनमुळे पक्ष बदलला नसता. स्क्रीनची सवय करून घेतली होती, स्टेअरिंगवरच्या बटणांनी बरंच काम भागतं. माझा निर्णय फिरला तो एका बारीक वाटणाऱ्या त्रासामुळे आणि तो म्हणजे चावी नेमकी कुणाकडे आहे हा प्रश्न.

आमच्याकडे गाडी दोघं चालवतो, मी आणि बायको. सकाळी ती चालवत येणार, एका ठिकाणी उतरणार, मी पलीकडून येऊन स्टेअरिंगवर बसणार आणि पुढे जाणार. इंजिन चालूच असतं, बंद करायचं कारण काय. आणि चावी तिच्या पर्समधे. दार लागलं की गाडी दोन-तीनदा पिक पिक करते, स्टेअरिंगमागच्या मीटरवर चावी सापडत नाही असा मेसेज येतो, पण मागून हॉर्न वाजतायत, पोरगं मागे काहीतरी विचारतंय, सीट पुढेमागे करतोय, त्या गडबडीत ते पिक पिक सीटबेल्टचं आहे की दाराचं की चावीचं हे कुणाला कळणार? गाडी मस्त चालत राहते. पोचल्यावर बटण दाबून बंद केली की मग खरी गोष्ट कळते, कारण ती परत चालू होत नाही आणि लॉक पण होत नाही. मग फोन, मग तिने काम सोडून यायचं किंवा कुणाबरोबर तरी चावी पाठवायची. हे आमच्याकडे परत परत झालं. दुसरी चावी कायम माझ्या खिशात ठेवून बघितली, तर मग दोन्ही चाव्या कधी तिच्याकडे, कधी दोन्ही घरी, आणि एक गाडीतच राहिली तर गाडी लॉकच व्हायला तयार नाही.

यात गाडीची चूक नाहीये हे मला पटतं. रस्त्यावर मधेच चावीचा सिग्नल गेला म्हणून इंजिन बंद करणं जास्त धोक्याचं, म्हणून ती नुसती सूचना देते आणि चालत राहते. विचार बरोबरच आहे. पण साध्या चावीत हा प्रश्नच उभा राहत नाही, चावी इग्निशनमधे असल्याशिवाय गाडी चालूच शकत नाही, त्यामुळे जो चालवतोय त्याच्याकडे चावी आहेच. आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे चावी हातात आली म्हणजे गाडी बंद आहे, वेगळं बघायला नको. बटणवाल्या गाडीत, त्यातून हायब्रिड असेल आणि त्या क्षणी इंजिन गप्प असेल तर माणूस खिशात चावी घेऊन घरात निघून जातो आणि गाडी चालूच. अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजमधे अशा चालू राहिलेल्या गाड्यांच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली आहेत. म्हणून टोयोटाने तिथल्या 2020 च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत ठराविक वेळाने इंजिन आपोआप बंद व्हायची सोय दिली. तुम्ही बटणवालीच घेणार असाल तर ही सोय आहे का एवढं नक्की विचारा.

चोरीचा मुद्दा थोडक्यात. कीलेस गाडी एक कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडते, जवळची चावी त्याला उत्तर देते, आणि चोर मधे दोन यंत्रं ठेवून हा सिग्नल लांबवतात, म्हणजे चावी घरात टेबलावर आणि गाडीला वाटतं मालक दाराशी उभा आहे. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मधे आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली, दहाच्या दहा फसली. आता हलली नाही की झोपी जाणाऱ्या चाव्या आल्यात, अंतर नीट मोजणारं अल्ट्रा वाइडबँड आलंय, त्यामुळे नव्या गाड्यांत हे बरंच सुधारलंय. त्यामुळे माझ्या लेखी हा मुद्दा निर्णायक नाही, पण चावीच्या पारड्यात थोडं वजन टाकतोच.

आणि चावी म्हणजे निर्दोष असंही नाही हं. जनरल मोटर्सचं 2014 चं प्रकरण आठवत असेल, इग्निशन स्विच इतका ढिला की जड जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने चावी चालत्या गाडीत फिरायची, इंजिन बंद, पॉवर स्टेअरिंग गेलं, एअरबॅग पण उघडायच्या नाहीत. नुकसानभरपाईच्या फंडाने 124 मृत्यू त्या दोषाशी जोडलेले मान्य केले. तेव्हापासून मी गाडीच्या चावीला घराच्या चाव्यांचा जुडगा लावत नाही, एकटी चावी आणि एक हलकी रिंग, बस्स. उलट बटणवाल्यांनी हे शिकून घ्यावं की चालत्या गाडीत इंजिन बंद करायची वेळ आली तर एकदा टिचकी मारून काही होत नाही, बटण दाबून धरावं लागतं किंवा पटापट दोन-तीनदा दाबावं लागतं. 2009 मधे सॅन डिएगोजवळ मॅटमधे अ‍ॅक्सिलरेटर अडकलेल्या लेक्ससचा जो भयंकर अपघात झाला त्या गाडीचं बटण तीन सेकंद धरून ठेवायला लागायचं, आणि ती गाडी तात्पुरती वापरायला दिलेली होती, म्हणजे चालवणाऱ्याच्या सवयीची नव्हती.

मग कुणी काय घ्यावं? गाडी एकटेच चालवत असाल, हातात नेहमी सामान असतं, चावी एकाच खिशात राहते, तर बटणवाली खुशाल घ्या, तुम्हाला माझा त्रास होणारच नाही आणि सोय रोजची आहे. घरात दोन-तीन जण चालवत असतील, मधेच ड्रायव्हर बदलत असेल तर माझं मत चावीवालीकडे झुकतं, आणि तिच्याबरोबर येणारे नॉब हा वरचा फायदा. फक्त चावीसाठी एअरबॅग किंवा ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) कमी असलेलं व्हेरियंट घेऊ नका, तेवढ्या मोठ्या गोष्टीपुढे माझी ही तक्रार छोटी आहे. मी मधलं व्हेरियंट घेतलं कारण त्यात सुरक्षेचं सगळं होतं आणि चावी पण होती. तसं नसतं तर बहुधा परत बटणवालीच घेतली असती आणि दोन चाव्यांचा हिशोब ठेवत बसलो असतो.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा एक करा, जो कुणी घरातला बरोबर असेल त्याला इंजिन चालू असताना चावी घेऊन खाली उतरायला सांगा, दार लावू द्या, एसी आणि गाणी चालू ठेवा आणि ती सूचना तुम्हाला ऐकू येते का, दिसते का ते बघा. आणि मग तिथेच, स्क्रीनकडे न बघता पंखा दोन घर कमी करून बघा.